सेनिओ नदीवर तीन फेऱ्या : तेवीस वर्षांच्या एका शिपायाची गोष्ट वर्गात सांगताना



सैनिकांवरचा पाठ आपण सगळेच शिकवतो. पाठ्यपुस्तकात असतो, सव्वीस जानेवारीच्या भाषणात असतो, आणि नसला तरी मुलं कुठूनतरी काढतातच. मीही गेली काही वर्षं पाचवीच्या वर्गाला एक खरी युद्धकथा सांगते. नामदेव जाधव या मराठा पलटणीतल्या शिपायाची. पहिल्या वर्षी सांगितली तेव्हा वर्ग नुसता डोक्यावर घेतला होता मुलांनी. टाळ्या काय, घोषणा काय! मधल्या सुट्टीत सगळं मैदान मशीनगनच्या आवाजानं दणाणून गेलं. मला वाटलं, काय मस्त पाठ झाला!

दुसऱ्या दिवशी एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. तिचे वडील फौजेत आहेत, तेव्हा सीमेवर होते. आदल्या दिवशी टाळ्या वाजत होत्या तेव्हा ही गप्प होती, हे मला नंतर आठवलं. ती हळूच म्हणाली, "बाई, नामदेव सोडून बाकीचे मेले म्हणालात ना तुम्ही, त्यांची नावं काय होती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर तो प्रश्न मला पडलाच नव्हता. "बाकीचे सगळे मारले गेले" हे वाक्य मी एका दमात बोलून पुढे गेले होते, कारण मला ग्रेनेडपर्यंत पोचायची घाई होती.

त्या दिवसापासून मी हा पाठ बदलला. आज तोच पाठ तुमच्यासमोर ठेवते आहे. तीन ते चार तासिकांत होतो. भूगोल, गणित, भाषा, परिसर अभ्यास, सगळं त्यात आपोआप येतं.

1. आधी नकाशा

गोष्ट सुरू करण्याआधी पृथ्वीगोल काढा. मुलांना इटली शोधायला सांगा. भूमध्य समुद्रात पाय सोडून बसल्यासारखा बुटाच्या आकाराचा देश, लगेच सापडतो. मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे 6 हजार किलोमीटर. मग विचारा, "नगर जिल्ह्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा इथं कसा पोचला असेल?"

दुसरं महायुद्ध 1939 ते 1945 या काळात झालं. भारतावर इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे भारतीय सैन्यही त्या युद्धात उतरलं. युद्ध संपेपर्यंत या सैन्यात सुमारे 25 लाख माणसं होती, आणि भरती सक्तीची नव्हती. 1943 च्या सप्टेंबरात मित्रराष्ट्रांच्या फौजा इटलीच्या मुख्य भूमीवर उतरल्या. इटलीनं शरणागती पत्करली, पण जर्मन सैन्य हटायला तयार नव्हतं. एकेक नदी, एकेक डोंगर अडवून ते उत्तरेकडे सरकत राहिलं. बुटाच्या टाचेपासून वर वर, असं जवळजवळ वीस महिने हे युद्ध चाललं. भारताच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन तिथं लढल्या. त्यात आपली पाचवी मराठा लाइट इन्फंट्री होती.

नकाशात डोंगराची रांग दाखवा. तिचं नाव अपेनाइन. देशाच्या मधोमध कण्यासारखी उभी आहे. तिच्यावरून दोन्ही बाजूंना नद्या उतरतात. उत्तरेकडे जायचं म्हणजे एक नदी ओलांडली की दुसरी हजर! आपल्या कोकणातून सागरी रस्त्यानं जाताना जशा खाड्यांमागून खाड्या लागतात तसंच. हे एवढं मुलांना कळलं की पुढची गोष्ट समजायला सोपी जाते.

2. पायदळ म्हणजे चालणारं सैन्य

मुलांच्या डोक्यात सैनिक म्हणजे रणगाडा, विमान, नाहीतर सिनेमातला हिरो. पायदळाचा जवान म्हणजे काय, हे त्यांना हातात देऊन कळतं.

मी किराणा दुकानातून ताणकाटा मागून आणते. आधी मुलांची दप्तरं मोजायची. कुणाचं तीन किलो, कुणाचं साडेचार. मग सांगायचं, त्या काळच्या जवानाची नुसती रायफल सुमारे 4 किलोची. ब्रेनगन नावाची हलकी मशीनगन (हो, हिला हलकी म्हणत!) सुमारे 10 किलोची. त्यावर काडतुसं, ग्रेनेड, पाण्याची बाटली, खंदक खणायचं फावडं, अंगावरचा कोट. हे सगळं घेऊन डोंगर चढायचा, चिखल तुडवायचा, आणि रात्री त्याच चिखलात खड्डा खणून झोपायचं. इटलीत थंडीत बर्फ पडतं. कोकणातल्या, देशावरच्या यातल्या बहुतेक पोरांनी जन्मात बर्फ बघितलं नव्हतं. डोंगरात गाड्या जात नसत, तेव्हा शिधा आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून वर जाई. स्वयंपाक करणाऱ्याला फौजेत लांगरी म्हणतात. त्याची डाळ-रोटी खंदकापर्यंत पोचेतो गार झालेली असायची.

पायदळाची रचनाही समजावून सांगा. दहाएक जवानांचा एक सेक्शन, त्याचा म्होरक्या नाईक. तीन सेक्शन मिळून एक प्लाटून. काही प्लाटून मिळून कंपनी, आणि अशा काही कंपन्या मिळून पलटण. वर्गाचे गट पाडताना मी हीच नावं देते. मुलं खूश होतात आणि रचना कायमची लक्षात राहते.

आता नामदेवचं काम. तो कंपनीचा रनर होता. वायरलेस बंद पडला, तारा तुटल्या, की कमांडरचा निरोप पळत पळत दुसऱ्या तुकडीकडे पोचवायचा. थोडक्यात, निरोप्या. वर्गात फळ्यावरचा निरोप शेजारच्या वर्गात घेऊन पळणारा एक पोरगा असतोच ना, तसा. त्याचा जन्म 18 नोव्हेंबर 1921 चा. म्हणजे गोष्टीच्या दिवशी तो तेवीस वर्षांचा होता. मुलांना विचारा, तुमच्या घरात तेवीस वर्षांचं कोण आहे? कुणाचा दादा, कुणाचा काका, कुणाची नुकतीच नोकरीला लागलेली आत्या. तेवढा.

3. 9 एप्रिल 1945 ची संध्याकाळ

ही तासिका मैदानावर घ्या.

उत्तर इटलीत सेनिओ नावाची नदी आहे. 1944-45 चा अख्खा हिवाळा जर्मन सैन्य या नदीवर ठाण मांडून बसलं होतं. 9 एप्रिलला मित्रराष्ट्रांनी मोठा हल्ला सुरू केला. सान पोलितो या गावाच्या उत्तरेला मराठा पलटणीला नदी ओलांडायची होती.

चुन्यानं मैदानावर पंधरा फुटांच्या अंतरावर दोन रेघा मारा. नदी एवढीच रुंद होती. पाणी चार ते पाच फूट खोल. मुलं हमखास म्हणतात, "बाई, एवढीशीच?" म्हणू द्या. मग सांगा की या एवढ्याशा नदीच्या दोन्ही काठांना पूर अडवण्यासाठी बांध घातलेले होते, आणि ते बांध 30 ते 35 फूट उंच, सरळसोट चढणीचे. साधारण तीन मजली इमारत. शाळेच्या इमारतीकडे बोट दाखवा. आमची शाळा एकमजली आहे, म्हणून आम्ही गावातल्या पाण्याच्या टाकीकडे बघतो. शेत वाचवायला बांधलेल्या त्या बांधांत जर्मन सैन्यानं उंदरांनी पोखरावीत तशी बिळं पोखरली होती आणि आत मोर्चे लावले होते. बांधाच्या नदीकडच्या उतारावर भूसुरुंग पेरलेले.

वाळूत किंवा मातीत याची प्रतिकृती करा. दोन बांध, मध्ये चर, चरात पाणी. कारण पुढची गोष्ट त्याशिवाय मुलांना कळत नाही. मराठा पलटणीच्या एका कंपनीनं पूर्वेकडचा, म्हणजे आपल्या बाजूचा बांध घ्यायचा होता. तीन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीनं त्यांच्यामधून पुढे जाऊन नदीत उतरायचं आणि पलीकडचा बांध घ्यायचा. नामदेव या दुसऱ्या कंपनीत, कमांडरच्या सोबत होता.

ते उतरले. छातीपर्यंत पाणी कापत पलीकडे पोचले. आणि तेव्हा गोळ्या आल्या त्या मागून! ज्या बांधावरून ते आत्ताच उतरले होते, त्याच्याच आतल्या बाजूच्या मोर्च्यांमधून. निदान तीन मशीनगन चालू होत्या. मातीच्या प्रतिकृतीत मुलांना बोट ठेवून दाखवायला सांगा, गोळ्या कुठून आल्या आणि ही माणसं कुठं सापडली. आडोसा कुठंच नाही.

कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे सगळे जागीच गेले. एकटा नामदेव धड उभा होता.

इथं मी आता थांबते. पूर्वी थांबत नव्हते. मुलांना म्हणते, एक मिनिट डोळे मिटा. तुम्ही निरोप्या आहात. ज्यांचा निरोप न्यायचा ते पडलेत, ज्यांना द्यायचा ते नाहीत. आता काय कराल? उत्तर द्यायचं नाही, नुसता विचार करायचा.

नामदेवला कुणी हुकूम दिला नव्हता. त्यानं एका जखमीला उचललं. त्याला घेऊन खोल पाण्यातून परत आला, त्या उभ्या बांधावर चढला, भूसुरुंगांच्या पट्ट्यातून गेला आणि त्याला सुरक्षित जागी ठेवलं. वरून उखळी तोफा आणि मशीनगन चालूच होत्या.

मग तो परत गेला. दुसऱ्या जखमीला तसंच आणलं.

मग तो तिसऱ्यांदा त्या उघड्या बांधावर गेला. या वेळी मोर्च्यांवर. पहिला मोर्चा त्यानं टॉमीगननं गप्प केला. त्यात त्याच्या हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना. ती टाकून त्यानं ग्रेनेड घेतले. ते संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या साथीदारांकडून आणखी आणले. उरलेले दोन मोर्चेही त्यानं संपवले. त्या बांधावरचा मशीनगनचा आवाज थांबला. मग तोफगोळे पडत असताना तो बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभा राहिला, पलटणीची शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची आरोळी ठोकली आणि मागच्या कंपन्यांना हात करून नदीपार बोलावलं.

पलटण पार झाली. 2 मे 1945 रोजी, म्हणजे अवघ्या 23 दिवसांनी, इटलीतलं युद्ध संपलं. नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्याकडे आज परमवीर चक्र आहे, तसं ते ब्रिटिश काळातलं सर्वोच्च शौर्यपदक. ते जगले, घरी परतले आणि 1984 साली वारले.

4. मुलांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

पहिला प्रश्न ठरलेला. "बाई, त्याला भीती नाही वाटली?"

मी यावर एक उलटा प्रश्न विचारते. विहिरीत पोहायला शिकताना पहिली उडी मारणं अवघड की दुसरी? आमच्या गावातली मुलं याचं उत्तर बरोबर देतात. पहिली उडी कुणीतरी ढकलल्यावरही पडते. नाकातोंडात पाणी गेल्यावर जी दुसरी उडी मारायची असते, ती अवघड. कारण आता आत काय आहे ते माहीत असतं. नामदेवची पहिली फेरी कदाचित विचार करायच्या आत झाली असेल. दुसऱ्या फेरीच्या वेळी मात्र त्याला ते पाणी, ती चढण, ते सुरुंग आणि त्या मशीनगन कुठं आहेत हे नीट माहीत होतं. तरी तो गेला. माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात मोठी जागा ती आहे, आणि पहिल्या वर्षी मी ती अर्ध्या वाक्यात उरकली होती. मुलांना हेही लक्षात आणून द्या की या शिपायाच्या तीन फेऱ्यांपैकी पहिल्या दोन माणसं आणायला होत्या.

दुसरा प्रश्न थोडी मोठी मुलं विचारतात. "इंग्रज तर आपल्यावर राज्य करत होते, मग हा त्यांच्यासाठी का लढला?"

हा प्रश्न टाळू नका. मुलाला खोटं उत्तर लगेच कळतं. मी सांगते की कोरडवाहू शेती, घरात खाणारी तोंडं जास्त, फौजेत महिन्याचा पगार आणि पुढे पेन्शन. काही घरांत आजोबा-पणजोबांपासून पलटणीत जायची रीत. काहींना हिटलरची राजवट थांबायला हवी असंही वाटत होतं. आणि एकदा लढाईत उतरल्यावर माणूस शेजारच्या माणसासाठी लढतो, हे तर नामदेवनं करूनच दाखवलं. त्याच वर्षांत सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं, 1942 च्या चळवळीतले कितीतरी तरुण तुरुंगात होते, आणि नेताजींच्या आझाद हिंद सेनेत याच भारतीय सैन्यातले जवान सामील झाले होते. एकाच मातीतली पोरं वेगवेगळ्या वाटांनी गेली. एकाला मोठं करायला दुसऱ्याला छोटं करायची गरज नाही. एवढं सांगितलं की पाचवीला पुरतं. आठवी-नववीला यावर छान चर्चा घेता येईल.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगते. त्याच 9 एप्रिलला, त्याच सेनिओ नदीवर आणखी एका भारतीय शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव अली हैदर, फ्रंटियर फोर्स रायफल्सचे. पुढे देशाची फाळणी झाली आणि ते पाकिस्तानचे नागरिक झाले. 1945 च्या त्या संध्याकाळी दोघं एकाच सैन्यात, एकाच नदीच्या पाण्यात उतरले होते.

तिसरा प्रश्न एका मुलानं मागच्या वर्षी विचारला. "त्या मोर्च्यातले जर्मन पण मेले ना?" हो, मेले. त्यांचं सरकार अन्यायाचं होतं, ते थांबवणं भाग होतं. पण मोर्च्यात बसलेल्यालाही घर होतं, आई होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि दहा वर्षांच्या मुलाला हे पेलतं. आपल्यालाच वाटतं की पेलणार नाही.

5. जो परत आला नाही

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. नामदेवची गोष्ट सांगितल्यावर मी दुसरी एक गोष्ट सांगते, कारण परतलेल्याची गोष्ट एकटी सांगितली तर मुलांना वाटतं की शूर माणूस नेहमी वाचतो.

रायगड जिल्ह्यात माणगाव तालुका आहे. तिथल्या पळसगावचे यशवंत घाडगे. जन्म 16 नोव्हेंबर 1921. नामदेवपेक्षा फक्त दोन दिवसांनी मोठे! तेही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत, पण तिसऱ्या पलटणीत. हुद्दा नाईक, म्हणजे एका सेक्शनचे म्होरके. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांचा सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडला. त्यांच्याशिवाय सेक्शनमधला प्रत्येक जण मारला गेला किंवा जखमी झाला. सोबत यायला कुणी उरलेलं नाही हे माहीत असूनही ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले आणि तो मोर्चा त्यांनी संपवला. तिथंच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. वय बावीस. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर.

शेवटची झटापट हातघाईची होती. तिचा तपशील मी पाचवीच्या वर्गात सांगत नाही. तो लपवायचा म्हणून नव्हे, पण त्या वयाची मुलं तेवढंच डोक्यात घेऊन घरी जातात आणि बाकीचा माणूस हरवतो. तुम्ही तुमच्या वर्गाप्रमाणे ठरवा.

यशवंत घाडगे यांची कबर सापडलेली नाही. इटलीत कॅसिनो या ठिकाणी एक स्मारक आहे. ज्यांना कबर मिळाली नाही अशा राष्ट्रकुलातल्या 4 हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिथं दगडावर कोरली आहेत. त्यात त्यांचं नाव आहे. इकडे माणगावात त्यांचा पुतळा आहे. रायगडला सहल न्याल तेव्हा गाडी पाच मिनिटं तिथं थांबवा.

आणि बाकीचे? इटलीत सुमारे 50 हजार भारतीय सैनिक लढले, त्यातले 5,700 हून जास्त तिथंच राहिले. त्यांची नावं कोरलेली आहेत, आणि राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर शोधताही येतात. कित्येक नावांपुढे वडिलांचं नाव, गाव, जिल्हा असतो. त्या मुलीनं प्रश्न विचारल्यावर मी ही नावं शोधायला बसले. पडद्यावर एकामागून एक जाधव, मोरे, शिंदे, कदम, सावंत येत गेले. आपल्या हजेरीपटासारखी यादी! दुसऱ्या दिवशी मी त्यातली दहा नावं वर्गात वाचून दाखवली. हजेरी घेतो त्याच आवाजात. कुणी "हजर" म्हणालं नाही, आणि कुणी हसलंही नाही.

6. एका सूर्याखाली

शेवट मी माँटोनेच्या सूर्यघड्याळानं करते. माँटोने हे टायबरच्या वरच्या खोऱ्यातलं इटलीतलं एक छोटं गाव. जुलै 2023 मध्ये तिथं यशवंत घाडगे यांच्या नावानं एक स्मारक उभं राहिलं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. त्यावरच्या बोधवाक्याचा अर्थ असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. जवळपास ऐंशी वर्षांनी त्या गावानं पळसगावच्या मुलाचं नाव आपल्या दगडावर घेतलं. मुलांना विचारा, त्यांनी तलवार किंवा बंदूक न उभारता सूर्यघड्याळ का उभारलं असेल? मला मिळालेलं सगळ्यात आवडतं उत्तर असं होतं : "कारण ऊन सगळ्यांवर पडतं बाई, जर्मनांवर पण."

वर्गात घ्यायचे उपक्रम

• मैदानावर 15 फुटांची नदी आखणे, मातीत दोन बांधांची प्रतिकृती करणे. (गणित : फूट व मीटर यांचं रूपांतर)
• दप्तर आणि रायफल यांच्या वजनाची तुलना. (वजन, बेरीज-वजाबाकी)
• साधं सूर्यघड्याळ : मैदानात काठी उभी करून दर तासाला सावलीच्या टोकाशी खूण करणे. (विज्ञान)
• पत्रलेखन : खंदकातल्या जवानानं आईला लिहिलेलं पत्र. अट एकच, लढाईबद्दल एक शब्दही लिहायचा नाही. त्या काळी फौजेतली पत्रं तपासली जात, कुठं आहोत ते लिहिता येत नसे. मग मुलं काय लिहितात ते बघा. "गाय व्याली का" हा प्रश्न माझ्या वर्गात निम्म्या पत्रांत होता!
• गावाचा शोध : आपल्या गावात माजी सैनिक, वीरपत्नी किंवा जुना स्मृतिस्तंभ आहे का? असल्यास वडीलधाऱ्यांच्या परवानगीनं भेट. कुठली लढाई, किती माणसं मारली असे प्रश्न मुलांनी विचारायचे नाहीत, हे आधी बजावा. काय खायचा, कोण मित्र होते, घरची आठवण कधी यायची, असे प्रश्न विचारायचे.

पालकांसाठी दोन शब्द

घरी टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू असतात तेव्हा मूल शेजारी बसलेलं असतं. आपण जेवता जेवता "उडवून टाका एकदाचं" म्हणतो आणि भाजी वाढून घेतो. ते वाक्य मुलाच्या मनात राहतं. देशाचा अभिमान हवाच, मुलांनी सैनिकाला सलाम करायलाच हवा. पण सलाम कुणाला करतो आहोत ते त्याला माहीत असावं. तो तुमच्या थोरल्या मुलाच्या वयाचा एक पोरगा असतो, ओल्या बुटातला, घरच्या पत्राची वाट बघणारा. फौजेतल्या माणसाचं मूल वर्गात असेल तर शिक्षकांनी आणखी थोडं जपावं. आपल्याला जी गोष्ट आहे, ते त्याच्या घरचं रोजचं जगणं आहे.

मी पाठ बदलल्यापासून मधल्या सुट्टीत मशीनगन वाजायची बंद झाली असं मुळीच नाही. पोरं ती पोरंच. पण मागच्या वर्षी पाठ झाल्यावर मी खिडकीतून बघत होते. चुन्याच्या रेघा अजून पुसल्या नव्हत्या. एक धिप्पाड पोरगा दुसऱ्याला पाठुंगळी घेऊन त्या पंधरा फुटांच्या नदीतून धापा टाकत येत होता. अलीकडे आणून त्याला उतरवलं, कंबरेवर हात ठेवून श्वास घेतला, आणि पलीकडे आणखी एक जण "अरे मी राहिलोय ना" म्हणून ओरडला तेव्हा वळून परत गेला.

हा पाठ तुमच्या वर्गातही घेऊन बघा. आणि हजेरीची ती दहा नावं तुमच्या जिल्ह्यातली निवडा.